करंटवाले साळवे डॉक्टर

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच दवाखान्याच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून उभे होते. हात पाठीमागे, मान ताठ, समोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. बाकावर चार पेशंट बसले होते. त्यांतली एक म्हातारी शेजारणीला हळूच सांगत होती, "डॉक्टरला भाईर काढलंय." मी पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजकडून आले होते. खांद्यावर बॅग, हातात नेमणुकीचं पत्र, आणि सकाळपासून दोन एसट्या बदलून डोकं उठलेलं. "डॉक्टर साळवे कुठं भेटतील?" असं मी त्या पाठीलाच विचारलं.

"अजून नऊ मिनिटं कुठंच भेटणार नाहीत," पाठ म्हणाली. "बसा."

नऊ मिनिटांनी आतून घंटा वाजली आणि पाठीचा माणूस झाला. बुटके, सावळे, केस पांढरे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझं पत्र त्यांनी वाचलंच नाही. "गाव?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, राजूर. "अकोले तालुक्यातलं? म्हणजे पावसातली माणसं. इथं शेवगावात पाणी जपून वापरायचं," असं म्हणून ते आत गेले. त्या दिवसापासून मी राजूर झाले. दोन वर्षांत त्यांनी मला नावानं एकदाही हाक मारली नाही. दवाखान्यातल्या लता सिस्टर तिसगावच्या, म्हणून त्या तिसगाव. टाइपिंग करणारा कुणी आला तर तो ज्या गावचा ते त्याचं नाव. मला सुरुवातीला राग यायचा. आईवडिलांनी एवढं हौसेनं ठेवलेलं नाव असताना हे काय, असं वाटायचं.

सर होते साधे एमबीबीएस. सरकारी नोकरीत खेड्यापाड्यांत वर्षं काढून त्यांनी शेवगावात मार्केट यार्डाजवळ दवाखाना टाकला होता. कुठल्याशा शिबिरात ॲक्युपंक्चर शिकले आणि मग त्या सुयांना बारीक चिमटे लावून त्यातून सौम्य वीज सोडायचं यंत्र आणलं. जुनाट बद्धकोष्ठ, गॅस, पोट फुगणं, जेवलं की जड होणं, अशा वर्षानुवर्षं मुरलेल्या पोटांवर ते हा उपचार करायचे. लोक त्यांना करंटवाले डॉक्टर म्हणायचे. पाथर्डीकडून जीपा भरून माणसं येत. दवाखाना उत्तम चालला होता, आणि अशा माणसानं आपण होऊन आमच्या कॉलेजला पत्र लिहिलं होतं की माझा उपचार खरा आहे की नाही हे तपासून द्या.

आमच्या विभागात त्या पत्राची थट्टाच झाली होती. चालतं दुकान स्वतःच्या हातानं कोण तपासायला देतो? मी एकदा त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, "राजूर, माझी खात्री आहे आणि मला ठाऊक नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अशा अवस्थेत किती दिवस राहायचं? मी आता साठीच्या पुढं. दोन पोरं माझ्याकडं शिकायला येतो म्हणतात. त्यांना काय शिकवू?" मग म्हणाले, "आमच्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली. म्हणायचे, कुणी सांगितलं म्हणून खरं मानायचं असतं तर आपण होतो तिथंच राहिलो असतो."

तपासण्याची रीत साधी होती, पण लोकांना समजावताना घाम फुटायचा. सुया सगळ्यांना टोचायच्या, चिमटे सगळ्यांना लावायचे, यंत्राचा दिवाही सगळ्यांसाठी लावायचा. मात्र यंत्राला एका सुतारानं लाकडी पेटी करून दिली होती आणि त्या पेटीतलं बटण फक्त तिसगाव सिस्टर फिरवायच्या. बंद पाकिटातल्या चिठ्ठीत असेल तसं निम्म्यांना करंट मिळायचा, निम्म्यांना नाही. करंटही इतका हलका ठेवलेला की कातडीला कळू नये. पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. सर सुया टोचून बाहेर यायचे आणि वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. हा नियम कॉलेजचा नव्हता, त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता आणि मी येण्याआधीपासून त्याचा सराव चालवला होता. "माझा माझ्यावर विश्वास नाही," ते म्हणत. "मी डोकावून बघणार. आणि करंट कुणाला आहे हे एकदा कळलं की माझं तोंडच त्या माणसाला बरं करायला लागणार."

एका शेतकऱ्याला त्यांनी हे सगळं नीट सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमाला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई. मंग कळतं कुनाला?"

"तिसगावला," सर म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून तिसगाव सिस्टरांचा भाव वधारला. कुणी शेंगा आणतंय, कुणी बोरं, कुणी घरची मेथीची जुडी. सिस्टर सगळं जसंच्या तसं परत द्यायच्या. "पाकिटात बोरं जात न्हाईत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

सरांना एक विचित्र आनंद व्हायचा तो 'मला ठाऊक नाही' असं म्हणण्याचा. इतर डॉक्टर पाटीवर पदव्या लिहितात, हे दिवसातून चार वेळा घोळवून ठाऊक नाही म्हणत. पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. परसाकडं कितीदा, कसं, केव्हा, हे भरल्या ओट्यावर मोठ्या आवाजात विचारायचे, आणि नवीन सुना लाजून लाल व्हायच्या. "पोट कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, मग आपण का ठेवायचा?" असं वर म्हणायचे. मला हे आवडायचं नाही. एकदा तसं तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून बायकांना ते आत बोलावून, दार लोटून विचारू लागले. मला म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तिसगावनं दहा वर्षं सांगितलं नाही बघ." माझ्यासारख्या नवख्या पोरीच्या सांगण्यावरून कुणी आपली सवय मोडली, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

दर मंगळवारी अकराच्या सुमाराला शेवंता आक्का यायची. ही सरांची थोरली बहीण, पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी. सरांहून दहा वर्षांनी मोठी, उंच, वाळलेली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. आई लवकर गेली. मग आक्का चौथीतून शाळा सोडून वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली आणि धाकटा भास्कर, म्हणजे आमचे सर, वसतिगृहात राहून शिकले. सरांनी ही हकीकत मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आपला पत्ता सांगावा इतक्या साधेपणानं. आक्का आमच्या चाचणीत नव्हती, नातेवाईक चालत नसत. पण दुखणं परतू नये म्हणून तिचा जुना उपचार तेवढा चालू होता. बारा वर्षांपूर्वी जेवल्यावर तिचं पोट फुगायचं, दुखायचं, कुठल्याही गोळीला दाद द्यायचं नाही. शेवगावात तेव्हा सोनोग्राफी नव्हती. सर नुकतंच शिकून आले होते, त्यांनी तिला सुया टोचल्या, करंट दिला. तिसऱ्या खेपेला आक्का म्हणाली, "भास्कर, गुन आला रं." त्या एका वाक्यावर त्यांनी बाकीची प्रॅक्टिस सोडून हीच धरली. गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आक्का आली की सर बाकी सगळं थांबवायचे, तासभर तिच्या उशाशी स्टूल टाकून बसायचे. तेव्हा मला वाटायचं, बहिणीचे एवढे लाड बरे नव्हेत, बाहेर माणसं ताटकळतात.

पहिले काही महिने आमचे फॉर्म भराभर भरत गेले. उपचारानंतर मी पेशंटला विचारायची, पोट कसं आहे? पेशंट म्हणायचा, लई गुन हाय. मी खूण करायची. पुण्याला फोन केला की आमचे मोठे सर खूश व्हायचे, पेपराची तयारी करा म्हणायचे. मीही खूश. नोकरीच्या पहिल्याच कामात असा निकाल म्हणजे माझं नशीब फळफळलं असं मला वाटत होतं.

एके दुपारी साळवे सरांनी फॉर्मांचा गठ्ठा मागितला. एकेक उलटत गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "राजूर, एकही माणूस नाही म्हणत नाही?"

"नाही सर. चांगलंच आहे की."

"निम्म्यांना तर करंटच नाही."

मी म्हटलं, नुसत्या सुईनंही होत असेल. ते म्हणाले, "असेल. ठाऊक नाही. पण एवढी सगळी पोटं एकमतानं बोलायला लागली की मला भीती वाटते." त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

दिवाळी झाली आणि पाथर्डीकडचे आमचे बरेच पेशंट ऊसतोडीला निघून गेले. सहा आठवड्यांनंतरचा फॉर्म भरायचा राहिला. असे लोक यादीतून वगळायची पद्धत असते, पण सरांनी जीप ठरवली. "ज्यांच्या पोटावर सगळ्यात जास्त भार, त्यांनाच वगळून काय तपासायचं?" म्हणाले. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे वाळल्या पाल्याच्या झोपड्या, मध्ये बैल, चुलीचा धूर. तिथं कवसाबाई नावाची आमची पेशंट होती, पन्नाशीची. तिनं काळा चहा केला, सरांना बसायला पोतं अंथरलं, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "लई गुन हाय डॉक्टर. पोटात धोंडा हुता, गेला." मी खूण केली. आम्ही निघालो. माझी पाण्याची बाटली तिथंच राहिली होती म्हणून मी एकटी मागं फिरले, तर कवसाबाई कोपीच्या दारात बसून पाण्यात सोडा ढवळत होती. एक हात पोटावर, तोंड कडू.

"मावशी, गुण आलाय म्हणालात ना?"

"मंग काय म्हनू?" ती म्हणाली. "येवढा मानूस जीप करून आला. त्येच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? आन गुन देनाऱ्याला गुन न्हाई म्हनू न्हाई पोरी. त्येचा हात जातो. मंग पुढं कुनालाच गुन येत न्हाई."

मी बाटली घेतली आणि गुपचूप जीपमध्ये येऊन बसले. फॉर्मवरची खूण तशीच होती. ती खोडायची तर मग बाकीच्या गठ्ठ्याचं काय, हे मला कळत होतं. पेपर दिसत होता, पुण्याचे सर दिसत होते. अर्धा तास मी खिडकीबाहेर बघत बसले आणि साळवे सर शेजारी ड्रायव्हरशी त्याच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत होते. मग मात्र माझ्यानं राहवेना, आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगायला अर्धा तास का लागला हेही सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. सर ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "परत फिरव."

ड्रायव्हर कुरकुरला, पण फिरवली त्यानं. सर कवसाबाईसमोर पोतं बाजूला सारून जमिनीवर बसले. "कवसाबाई, तुमच्या पोटाचं खरं मला कळलं नाही तर मी लोकांना काय द्यायला लागलोय हे मला कधीच कळायचं नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मग म्हणाली, "मंग आयका. येक दिस बी बरं न्हाई. हुतं तसंच हाय."

सरांनी तिच्यापुढं हात जोडले. "लई उपकार झाले," म्हणाले. माणसाचं डोकं तर फिरलं नाही ना, असा तिचा चेहरा झाला होता.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी केलेल्या लपवाछपवीबद्दल तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. शिक्षा केली असती तर मी ती विसरले असते. ते काहीच बोलले नाहीत म्हणून तो अर्धा तास मला अजून आठवतो, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यांनी नवी रीत काढली. पुढचे फॉर्म दवाखान्यात भरायचे नाहीत, घरी जाऊन भरायचे. गुण आहे का हा प्रश्नच विचारायचा नाही. काल सकाळी काय खाल्लं, रात्री किती खाल्लं, खाल्ल्यावर आडवं व्हावं लागलं का, परसाकडं किती दिवसांनी, घरात सोड्याची पुडी आहे का, असं आडून विचारायचं. आणि सुरुवातीला खुद्द त्यांच्याबद्दल मी दोन वाईट शब्द बोलायचे, असंही त्यांनी बजावलं. "हा डॉक्टर तुझा कुणी लागत नाही, हे त्यांना आधी पटलं पाहिजे. घाल दोन शिव्या."

"मला नाही जमायचं सर."

"सराव कर. आक्कावर कर. तिला माझ्याबद्दल वाईट ऐकायची सवय नाही, चिडेल. पण तिच्यापुढं जमलं तर कुठंही जमेल."

तो मंगळवार मी विसरणार नाही. सर एका पेशंटला सुया लावून ओट्यावर आले आणि नेहमीच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आक्का बाकावर बसून शेंगा सोलत होती. बाकावर आम्ही दोघीच होतो. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आक्का, तुमचे भाऊ भलतेच हट्टी आहेत. मला नाही वाटत या करंटचा काही उपयोग होत असेल." आक्का चिडली नाही. तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मी घाईघाईनं पुढचे प्रश्न विचारायला लागले. काल रात्री काय खाल्लं?

"अर्दी भाकर. ताकात कुस्करून."

"बस? का?"

"रात्रीचं जास्त झेपत न्हाई. ह्या बाजूला कळ येती." तिनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "मंग बसून ऱ्हावं लागतं."

"कधीपासून?"

"आता कवापासनं म्हनू. हायच की."

"आणि गुण आला होता तो?"

आक्का शेंगा सोलत राहिली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "गुन कुठला आलाय पोरी. त्यो नवं शिकून आला हुता, तोंडाकडं बघत बसला हुता. न्हाई म्हनले असते तर त्येचा हात गेला असता. तू त्येला सांगू नगं."

मी मान वर करून बघितलं. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते, तीन हातांवर. कॅलेंडरासमोरची त्यांची मान जराही हलली नाही. आक्काला त्यांचं तिथं उभं राहणं इतकं सवयीचं झालं होतं की ते ऐकत असतील हे तिच्या ध्यानातच आलं नसावं. घंटा वाजली. सर वळले, आमच्याकडे न बघता आत गेले, त्या पेशंटच्या सुया एकेक करून काढल्या, त्याला पुढची तारीख सांगितली. मग बाहेर येऊन आक्कासमोर उभे राहिले. "आक्का, उद्या नगरला जायचंय. उपाशी राहा."

नगरला सोनोग्राफीत निघालं की तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे भरलेत. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मी नगरच्या त्या दवाखान्यात सोबतीला बसायला गेले होते. कॉरिडॉरमध्ये सर रिपोर्टचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. "बारा वर्षं मी खड्यांना सुया टोचत होतो राजूर," ते म्हणाले, आणि मग डोळे पुसायला रुमाल शोधू लागले. तो सापडेना. मी माझी ओढणी पुढं केली तर तिनंच पुसले.

मला वाटलं होतं, हा माणूस आता चाचणी बंद करेल, कदाचित दवाखानाही. ज्या एका वाक्यावर सगळं उभं होतं ते वाक्यच खोटं निघालं होतं. चार दिवसांनी त्यांनी पुण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. आधीचे सगळे फॉर्म बाद धरा, नव्यानं सुरू करू, असं ते म्हणाले. आमचे मोठे सर पलीकडून चिडले. एवढे महिने फुकट जातील, पेपर जवळजवळ तयार आहे, म्हणाले.

"पेपर तयार आहे हो," साळवे सर शांतपणे म्हणाले. "पण त्यात लिहिलेलं खरं नाही. माणसांनी मला मान दिलाय, उत्तर दिलेलं नाही."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. नवे पेशंट, नवी पाकिटं, आणि मी गावोगाव. कधी जीपच्या टपावर, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं, पाठीला फॉर्मांची बॅग. शिव्या घालण्यात मी चांगलीच तरबेज झाले. एका गावात मी डॉक्टर बिनकामाचा आहे म्हटल्यावर एका आजोबांनी मला काठी दाखवली, आणि मग काठी खाली ठेवून म्हणाले, "पोट दुखतंय ते दुखतंयच मॅडम. पन डॉक्टरला सांगू नगा. बिचाऱ्याला वाईट वाटंल." हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं की फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना करावा असं मी सरांना सुचवलं. ते खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, "या लोकांनी माझ्यावर फार माया केली. त्या मायेनंच मला आंधळं ठेवलं. रागावू कुणावर?"

पाकिटं फोडायचा दिवस आला. आकडेमोड पुण्यात झाली, निकाल फोनवर आला. सर, तिसगाव सिस्टर आणि मी टेबलाभोवती बसलो होतो. वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाला करंटचा उपयोग झालेला दिसत होता, फार नाही पण नुसत्या सुईपेक्षा नक्की जास्त. पोट फुगणं, जळजळ, जेवल्यावर जड होणं, यात दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. सरांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला. "म्हणजे निम्मं," म्हणाले. "वाईट नाही. निम्मं खरं निघालं." त्यांच्या आवाजात दुःख होतं का समाधान, हे मला सांगता येणार नाही. सिस्टर मात्र रडल्या.

आठ दिवसांत दवाखान्याबाहेर नवी पाटी लागली. कुठल्या त्रासाला हा उपचार करतो आणि कुठल्या त्रासाला करत नाही, कारण आम्ही तपासलं आणि उपयोग दिसला नाही, असं मोठ्या अक्षरात. जीपा कमी झाल्या. लांबून आलेली माणसं पाटी वाचून हट्टानं आत यायची आणि भांडायची. शेजारनीला टोचता आन मलाच नगं म्हनता व्हय? सर प्रत्येकाला बसवून घ्यायचे, गरम तळवे पोटावर ठेवून तपासायचे, आणि कुठं जायला हवं ते कागदावर लिहून द्यायचे. काही जण तो कागद दारातच चुरगाळून टाकत. सर तो उचलून, सरळ करून, त्यांच्या मागं जाऊन पुन्हा हातात देत. असं करताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं.

आता मी पुण्यात असते, दुसऱ्यांच्या चाचण्यांचे फॉर्म तपासते. सगळे फॉर्म एकसारखं चांगलं बोलायला लागले की मी बॅग उचलते आणि पुन्हा विचारायला जाते. लोक मला किरकिरी म्हणतात. म्हणू देत. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या एका माणसानं शिकवलंय, आणि त्याचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही. सरांशी अधूनमधून फोनवर बोलणं होतं. फोन उचलला की "बोल राजूर" म्हणतात. भेट मात्र माझं काम संपलं त्या दिवसानंतर झालेली नाही.

तो मंगळवारच होता. ऑपरेशन झाल्यापासून आक्का आली नव्हती. पोट बरं झालं होतं, येण्याचं कारण उरलं नव्हतं. तरी दर मंगळवारी अकराला सर कुणालाच वेळ द्यायचे नाहीत. त्या तासात ते उगीच कपाट आवरत बसायचे. सिस्टर आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो. त्या दिवशी नगरची एसटी पकडायच्या आधी मी निरोप घ्यायला गेले तर आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आक्का टेबलावर आडवी झाली होती. चेहरा भरला होता तिचा. सर घाबऱ्याघुबऱ्या तिचं पोट तपासत होते.

"इथं दुखतं?"

"न्हाई."

"इथं?"

"कुटंच दुखत न्हाई."

"आक्का, खरं सांग. आता माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"खरंच सांगती. दोन दोन भाकरी खाती रात्रीच्या."

"मग कशाला आलीस एवढ्या लांब?"

आक्कानं छताकडे नजर लावली. मग म्हणाली, "भास्कर, त्यावेळीच न्हाई म्हनले असते तर तू मला नगरला धाडलं असतंस, आन मी बरी झाली असते. मला काय कळत न्हवतं व्हय? पन तू शाळंत गेल्यापासनं माझ्यापाशी कधी बसलाच न्हवतास रं. हितं बारा वर्सं तासभर उशाशी बसलास. म्हनून म्या दुखनं दुखू दिलं."

सरांनी दारातून डोकं बाहेर काढून सिस्टरांना सांगितलं की तासभर कुणाला आत सोडू नका. मी दिसले तर मला मानेनंच निरोप दिला. मग स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले. आक्कानं हात पुढं केला, आणि त्यांनी तो धरला, नाडी बघण्यासाठी नव्हे.